सासऱ्याची शिट्टी

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात पोरींले बास्केटबॉल शिकवाले एक बाई होत्या. मी तिथली झाडूवाली, शाळेचं तोंड पायलं नाही, पण पोरींच्या सोबतीले त्या मलेच नेत. तवा पोरी लुगडं नेसूनच खेळत.

एकदा अकोल्याले मॅच होती. हरलो तर टीम बंद, असं प्रिन्सिपॉलनं बाईंले बजावलं होतं. अन् मैदानात जाऊन पायतो तर पंच कोण? आमच्या उंच कुसुमचे होणारे सासरे! पोरीनं चट डोक्यावर पदर घेतला अन् खांबासारखी उभी रायली. चेंडू आला तरी हात पदरातून निघेना.

बाई पंचाजवळ गेल्या. "काकाजी, सून लाजून राहिली. तिच्याकडं जरा पाठ करा ना."

"बराबर आहे," म्हणून तो भला माणूस खरंच पाठ फिरवून उभा रायला. टाळ्या ऐकून शिट्टी वाजवे.

मग काय! कुसुमनं पदर खोचला, आडवी आली तिले लोटलं, अन् आमी जिंकलो.

अकोल्याच्या बाई भांडाले आल्या. "पंचसाहेब, तुमच्या सुनेनं आमच्या तीन पोरी पाडल्या!"

सासरे चिडले. "माह्या सुनेनं? माह्यासमोर तर ते मानही वर करत नाही!"