आमटीपुरतं मीठ

सत्त्याण्णवच्या थंडीत मी दिल्लीत, मयूर विहारला ऑफिसच्या चार्टर्ड बसच्या रांगेत उभा होतो. मागून मराठी ऐकू आलं. मी वळलो नाही.

"मैत्रेयी, राजस्थानच्या सांभर तळ्यातल्या मिठाचं गणित सुटलं."

"अच्छा! कॉम्प्युटर तर रोज चुकत होता, गुणवंतकाका."

"चूक माझीच. पाण्यात मीठ एकटंच आहे, असं धरून चाललो होतो. तळ्यात सोबत सोडा असतो, सल्फेट असतं. त्यांच्यामुळे मीठ कमी विरघळतं."

"चलो, मग आज ऑफिसात पार्टी! डब्यात काय आणलंत?"

"आमटी. खारट झालीये."

"परत?"

"डाळ एकट्यापुरती घेतो, मीठ मात्र हातून दोघांचं पडतं."

"काकूंना जाऊन दिवाळीला वर्ष झालं, काका."

"हो ना."

"उद्यापासून तुमचा डबा मीच आणते."

"नको गं. आमटी मीच करणार."

"मग मीठ मोजून घाला. लॅबमध्ये तर कण न् कण मोजता."

"एकदा घातलं होतं मोजून. आमटी अगदी बरोबर झाली."

"मग?"

"घास उतरेना. चल, बस आली बघ."