ट्रेलरमधला दिवा

तुम्ही सारखं विचारता ना, बाबांच्या ट्रेलरचं काय झालं, ते सांगतो. रिटायर झाल्यावर गाडीमागे जोडायचं ते चाकांवरचं घर त्यांनी हौसेने बनवून घेतलेलं. आत बेड, ओटा, पंखा, दिवे, सगळं बॅटरीवर. कोकणात जायचं, तिथून पुढे गोव्याला. कुठेच जाणं झालं नाही. मग बाबा वारले, आणि ट्रेलर कळव्याला आमच्या बिल्डिंगखाली उभाच राहिला.

विकायचा म्हणून उघडला तर बॅटरी डाउन. चार्जर लावून फुल केली, दोन दिवसांत परत डाउन. वायरिंग तपासलं, फ्यूज बदलला, काही फरक नाही. शेवटी खोपटहून बॅटरीवाल्याला आणला. तो म्हणाला, "बॅटरी मस्त आहे साहेब. आतलं काहीतरी चालू राहतंय."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर आलेलो. बघतो तर ट्रेलरच्या खिडकीत उजेड, आणि आई दार ओढून बाहेर येतेय.

"आई, हा दिवा तू लावतेस?"

"मग? ह्यांनी घर म्हणून बांधलं ना ते? तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवायचा का?"

"अगं, रात्रभर चालू राहतो तो. बॅटरी संपते."

"मग ती भरते कशी?"

म्हटलं, "गाडीला जोडून लांब फिरवून आणला ना, की आपोआप भरते."

आईने दाराला कडी लावली. मग म्हणाली, "हे तेच तर सांगत होते रे. मीच म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू."