ऑस्करची जागा

पनवेलच्या जनावरांच्या दवाखान्यात शेळी घेऊन बसलेल्या गुणाबाईच्या हातातली जपमाळ शेजारच्या मायलेकांच्या बोलण्याने अडली. कुत्र्याला विमानात न्यायचा दाखला घ्यायला दोघे आले होते.

“आये, भाड्याचं विमान छोटं हाय. वजन करून बसवतात. ऑस्करला घेतला तर तुला जागा नाय.”

“मेला वासराएवढा हाय. तो हलका नि मी जड?”

“तो घरी एकटा राहिला तर जेवत नाय.”

“कोल्हापूरच्या अंबाबाईला नवस मी बोललेली, हरेश. तुझ्या लेकीसाठी.”

“तुला एकटं राहायची सवय हाय ना.”

“बरं. मंग ओटीचा खण-नारळ त्याच्याच गळ्यात बांध. देवीनं विचारलं, नवस कोनाचा, तर भुंकून सांगंल तो.”