अण्णांची स्टेपनी

थोरला भाऊ वकील असला की घरात वाद घालायचा नसतो, हे मी अण्णांकडून शिकलो. सत्त्याण्णव साली त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिला ट्रॅक्टरला शोभतील अशी दांडगी टायरं घातली. पाचवं, म्हणजे स्टेपनी, मागच्या दारावर बसवलं. त्या वजनानं दार असं लोंबायला लागलं की ते उघडायला दोन माणसं लागायची. त्यातच आमच्या देशपांडे नगरात कुणाची तरी स्टेपनी चोरीला गेली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या स्टेपनीचे नट वेल्डिंग करून टाकले.

वहिनी म्हणाल्या, "अहो, पंक्चर झाल्यावर ती काढणार कशी?"

"एवढ्या जाड टायरला पंक्चर होतंय होय? कायतरीच तुझं!"

पुढच्याच रविवारी माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही सगळे जीपनं अळणावरला निघालो. ऐन जंगलात पुढचं टायर बसलं. नव्या पँटीला ग्रीस फासून घेत मी त्या नटांशी झटत होतो. एक लॉरीवाला थांबला, त्यानंही पाना लावून बघितला, आणि "आगूदिल्लरी, होणार नाही हे," म्हणून निघून गेला.

शेवटी अळणावरची बस आली. आम्ही चढलो. अण्णा खालीच उभे.

"अण्णा, चला की! मुलीकडचे वाट बघत असतील."

"तुम्ही व्हा पुढं," अण्णा जीपला टेकत म्हणाले. "अशा आडरानात कुणी स्टेपनी काढून नेली म्हणजे?"