दारात दिलेल्या खोट्या उत्तराबाबत

नाव वर्ना प्रुइट, वय ५८ वर्षे, धंदा म्हाताऱ्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन देखभाल, राहणार मेपल रस्ता, सॅगिनॉ, मिशिगन.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आपल्या अधिकारी ह्युएट बाईंना मी माझ्या दारात जे उत्तर दिलं ते खोटं होतं. ते मागे घ्यायला आले आहे.

क्लेटन माझा मुलगा, वय एकतीस. दारू पिऊन गाडी चालवताना तो दोनदा सापडला. दुसऱ्या खेपेला परवाना गेला. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्याने बाटलीला हात लावलेला नाही, आणि गाडीच्या चाकालाही नाही. पण गाडीचा विमा घेताना एकट्या मालकाचं बघत नाहीत, घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं रेकॉर्ड काढतात. एजंट गॅरी मला म्हणाला, "वर्ना, तुझं रेकॉर्ड धुतल्या तांदळासारखं आहे. पण क्लेटन त्या घरात झोपतो तोवर हप्ता तिप्पट. तेवढा भरूनही कंपनी घेईलच असं नाही."

मी म्हणाले, "अरे, तो गाडीकडे बघतसुद्धा नाही."

"चावी कुठे टांगतेस?"

"स्वयंपाकघरात."

"मग झालं तर."

गाडीशिवाय माझं काम होत नाही. माझे सहा म्हातारे शहराच्या सहा टोकांना राहतात. म्हणून मी लिहून दिलं की क्लेटन त्याच्या बहिणीकडे इंडियानाला कायमचा राहायला गेला आहे. तो कुठेही गेला नव्हता.

टपालपेटीवरचं त्याचं नाव त्यानेच खरवडलं. मी शेजारी उभी होते. तो म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नावसुद्धा वर्षभर ठेवतात गं, आई." मी म्हणाले, "तुझ्याच करणीची फळं आहेत. तोंड वर करून बोलू नकोस." त्यानंतर तो मागच्या दाराने ये-जा करायचा. बेल वाजली की न सांगता तळघरात जायचा. दोन वर्षं असं चाललं. मला त्याची सवय झाली, हे मी कबूल करते.

मंगळवारी सकाळी साडेसहाला तो बेकरीत कामाला निघाला. पायी जायचा. त्या रस्त्याला फुटपाथ नाही.

दहा वाजता ह्युएट बाई आल्या तेव्हा मी एका आजोबांसाठी सूप डब्यात भरत होते. त्यांनी विचारलं, "क्लेटन प्रुइट इथेच राहतो का?" मला वाटलं, विमा कंपनीने तक्रार केली. मी म्हणाले, "इथे कोणी क्लेटन राहत नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "तुमच्या नात्यातला असेल तर..." मी म्हणाले, "त्याचं तो निस्तरेल. मला त्याचं काही सांगू नका." त्या आणखी काही बोलणार होत्या. मी दार लावून घेतलं.

रात्री तो आला नाही. पुन्हा पिऊन कुठे पडला असेल असं मला वाटलं. मी त्याच्यासाठी जेवण काढून ठेवलं नाही.

बुधवारी दुपारी बेकरीच्या मालकाचा फोन आला, कालपासून क्लेटन कामावर नाही. मग मी इस्पितळांना फोन लावले. मंगळवारी पावणेसातला त्याला एका व्हॅनने उडवलं होतं. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जवळचं माणूस या रकान्यात कोणी नाही असं लिहिलं होतं.

इस्पितळातल्या कारकून बाईंनी मला समजावलं की, पायी चालणाऱ्याला गाडीने उडवलं तर तो ज्या नातेवाइकाच्या घरी राहतो त्याच्या गाडीच्या विम्यातून उपचार होतात. पुढे नवा पाय, चालायला शिकवणं, सगळं त्यातून होईल. "तो तुमच्याकडे राहतो का?" मी हो म्हणाले. त्यांनी दोन कागद पुढे ठेवले. एकावर मी दारात दिलेलं उत्तर होतं. दुसऱ्यावर शुद्धीवर आल्यावर क्लेटनने सांगितलेलं, की आईचं घर माझं घर नाही, मी कुठेच राहत नाही. खाली त्याची सही होती.

मी त्याच्या खाटेजवळ गेले. नर्सने त्याला विचारलं, "या कोण?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आमच्या गल्लीत असतात त्या बाई."

नर्स गेल्यावर मला म्हणाला, "तू इथे बसू नकोस, आई. तुझं काम जाईल."

हा जबाब दिल्यावर माझा विमा इथून पुढे रद्द होईल आणि खोटं लिहून दिल्याबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, हे मला आपण सांगितलं आणि मला समजलं. तरी नोंद व्हावी की क्लेटन माझ्या घरात राहतो, एक दिवसही दुसरीकडे राहिलेला नाही. त्याला पुन्हा विचारलंत तर तो नाहीच म्हणेल. त्याचं धरू नये.

वरचा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, कारण पहिल्या वेळी मला तो ऐकवेना. तो मी सांगितला तसाच आहे आणि मी कोणाच्या दबावाखाली सही करत नाही.