चार महिन्यांची पाहणी

(कुरुळीतली भाड्याची खोली. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करताना केसरबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आहेत. समोर कारखान्यांतल्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या डॉ. निशिगंधा.)

केसरबाई : ते रेकॉर्डर आदी पिशवीत घाला. मुलाखत-बिलाखत न्हाई द्यायची मला.

निशिगंधा : बरं. अपघातानंतर तुमचं कसं चाललंय, एवढंच...

केसरबाई : अपघात म्हनू नका. हात आत गेला की प्रेस थांबवनारा सेन्सर, त्यो बंद ठिवला व्हता. माल जास्त निघावा म्हनून. तुमाला ठाव हाय. चार महिने माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसला व्हता.

निशिगंधा : मी लिहिलंय ते.

केसरबाई : कुठं?

निशिगंधा : शोधनिबंधात. नावं न देता. परदेशातही वाचला गेला.

केसरबाई : आन हितं महाळुंग्यात, आमच्या कारखान्यात? आमच्या सायबाला सांगितलं?

निशिगंधा : पाहणी करणाऱ्यानं मध्ये पडायचं नसतं.

केसरबाई : म्हंजे बिबट्या लेकराकडं चाललाय, आन तुमी त्याची पावलं मोजताय. काय मिळालं मोजून?

निशिगंधा : प्राध्यापक झाले.

केसरबाई : झ्याक. आमच्या लाइनीवरची दिपाली धाव्वी नापास. तिनं दोनदा सेन्सर चालू केला. तिला घरी बशिवलं. तुमाला मात्र रोज च्या यायचा.

निशिगंधा : (पिशवीतून पाहणीची वही काढते.)

केसरबाई : आता कंपनी म्हनती, सेन्सर चालूच व्हता, बाईनंच येड्यावानी हात घातला. सोमवारी लेबर कोर्टात तारीख हाय. तुमच्या वहीत काय हाय?

निशिगंधा : दिवस, वेळ. सेन्सर बंद असल्याच्या एकतीस नोंदी.

केसरबाई : एकतीस. आन तोंड एकदाबी उघडलं न्हाई.

निशिगंधा : गुप्ततेच्या करारावर सही आहे माझी. कोर्टात बोलले तर कुठलीच कंपनी मला आत घेणार नाही. पंधरा वर्षांचं काम आहे, केसरबाई.

केसरबाई : मग बसा घरी. मीबी बसलीया.

निशिगंधा : वहीची झेरॉक्स देते.

केसरबाई : वकील म्हनतो, नुसता कागद चालत न्हाई. लिहिनारं मानूस उभं ऱ्हायला पायजे. पन ऱ्हाऊ द्या. तुमच्यानं व्हायचं न्हाई ते.

निशिगंधा : नंबर सांगा त्यांचा.

केसरबाई : ह्यो घ्या नंबर. लावा, माझ्याम्होरं लावा.

निशिगंधा : हॅलो, वकीलसाहेब? केसरबाईंच्या घरून बोलतेय. नाही, नातेवाईक नाही... हो, मी तिथं होते. सगळं बघत होते.