कूलरचा पंप काढून घेतल्याबाबत

नाव : दीपमाला स्वप्निल तायडे. वय : ३६ वर्षे. व्यवसाय : नोकरी, पोस्ट ऑफिसात काउंटरवर. राहणार : कौलखेड, अकोला.

मला पोलीस ठाण्यात विचारण्यात आले, त्यावरून समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी सासू सुंदराबाई व मुलगी मोनाली, वय सहा, यांच्यासह राहते. पती स्वप्निल हे नोकरीनिमित्त अमरावती येथे असतात व सुटीच्या दिवशी घरी येतात. माझ्याविरुद्ध हिमानी कूलर सेंटरचे मालक धर्मेंद्र बोबडे यांनी आज तक्रार दिली आहे की, मी दुसऱ्याच्या घरात घुसून त्यांच्या कूलरची वायर कापली, पंप चोरला व धंद्याची बदनामी केली. त्याबाबत माझे म्हणणे खालीलप्रमाणे आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला मी हिमानी कूलर सेंटरमधून पत्र्याचा मोठा कूलर विकत घेतला. हे कूलर बोबडे स्वतः दुकानामागच्या शेडमध्ये तयार करून घेतात. मी पक्के बिल मागितले. ते म्हणाले, "पक्कं बिल पायजे असन तं कंपनीचा घ्या ताई. आमचा शब्दच बिल हाय." मी कच्च्या पावतीवर कूलर आणला. उतरवताना तो आमच्या उंबऱ्यावर आदळून त्याचा खालचा एक कोपरा चेपला. समोरच्या जाळीची एक पट्टी आधीपासूनच निघालेली होती.

पहिल्या दिवशी टाकीत पाणी न टाकता नुसता पंखा लावला. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पंप चालू असताना सासूबाई टाकीत पाणी टाकायला गेल्या व त्यांचा हात पत्र्याला चिकटला. त्या ओरडल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात होते. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. मोनाली आजीला धरायला धावत होती. मी तिला ढकलले. ती पलंगाच्या पायावर पडली व तिच्या कपाळाला खोक पडली. मी कपडे वाळत घालायच्या काठीने वायर ओढून पिन काढली. तेव्हा सासूबाई खाली पडल्या. त्यांचा तळहात व दोन बोटे भाजली. दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. बोबडे म्हणाले, "ओल्या हातानं शिवलं असन म्हातारीनं. चालू कूलरले हात कोन लावते?"

मी म्हटले, "पानी टाकाले टाकीजवळ जाच लागते न भाऊ."

ते म्हणाले, "तुमच्या घरची अर्थिंग पाहा पयले. आमचे इतके कूलर जाते, कोनाची कम्प्लेंट नाही."

मी घरी वायरमन बोलावला. त्यांनी तपासून सांगितले की घराची अर्थिंग ठीक आहे, करंट कूलरच्या बॉडीत उतरतो आहे. हे मी बोबडे यांना सांगितले. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर विकलेला माल परत घेतला जाणार नाही असे लिहिलेले आहे. मी ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी तक्रार लिहून घेतली व बिल मागितले. बिल माझ्याकडे नव्हते.

त्यानंतर ऑफिस सुटल्यावर मी रोज दुकानासमोर जाऊन उभी राहत होते. मी कोणाला शिवी दिली नाही. कोणी कूलर पाहायला आले, तर सासूबाईंच्या हाताचा मोबाइलमधला फोटो दाखवत होते. बोबडे एकदा म्हणाले, "सरकारी नोकरी हाय न तुमची? तुमच्या साहेबाले सांगाव काय, मॅडम रस्त्यावर कशा उभ्या रायते ते?" मी म्हटले, "सांगा." त्या रात्री मी पतींना फोन करून हे कळवले. ते म्हणाले, "तू काहून त्याच्या नादी लागतं? सोडून दे." मी सोडले नाही. दोन-तीन गिऱ्हाइके परत गेल्यावर बोबडे यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली व कूलर बदलून देतो म्हणाले.

मी म्हटले, "बदलून द्या. पन तो जुना कूलर तोडून टाका. कोनाले देऊ नका."

ते म्हणाले, "तोडतो न ताई. तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

दुसरा कूलर घरी आला व जुना त्याच गाडीने परत गेला. सासूबाई तो लावू देत नाहीत. त्यावर त्यांनी लुगडे टाकून ठेवले आहे. त्या आता लाइटचे बटणही स्वतः दाबत नाहीत, मोनालीला सांगतात, म्हणून मी मोनालीलाही बटणाला हात लावायला मनाई केली आहे. मी ऑफिसातून घरी येईपर्यंत दोघी दुपारी बंद पंख्याखाली बसतात.

आज सकाळी मी ऑटोने ऑफिसला जात असताना हिमानी कूलर सेंटरसमोर एका मालवाहू ऑटोत कूलर चढवत होते. कूलरला नवा निळा रंग होता. खालचा कोपरा ठोकून सरळ केलेला होता, पण पत्र्यावर घाव दिसत होता. जाळीची पट्टी निघालेलीच होती. मी ऑटो थांबवून उतरले. मालवाहू ऑटोचे चालक सहदेव हे आमच्याकडे कूलर घेऊन आले होते, म्हणून मी त्यांना ओळखते. मी त्यांना विचारले, "भाऊ, हा आमचाच कूलर होय न?" सहदेव यांनी दुकानाकडे पाहिले.

बोबडे बाहेर आले. मी म्हटले, "तुमी तर तोडतो म्हणले होते."

ते म्हणाले, "रिपेअर केला. तुमाले नवा भेटला न? तुमचं मिटलं. आता हा कोनाच्या घरी जाते, तुमाले काय करा लागते?"

मी गाडीसमोर उभी राहिले. त्यांनी मला बाजूला सारले व सहदेव यांना निघायला सांगितले. मी ऑटोने मागे गेले. ऑफिसला उशीर होईल असा फोन केला. त्यापुढे ऑफिसला आज जाता आले नाही.

पातूर रोडला लीलाबाई गावंडे यांची भाजीपाल्याची वाडी आहे व तिथेच त्यांचे घर आहे. कूलर तिथे उतरवला. घरात लीलाबाई, त्यांचा मुलगा शुभम व सून प्रणाली असे तिघे होते. प्रणाली बाळंतीण आहे. बाळासाठीच कूलर घेतला होता व तो पलंगाला लागूनच ठेवला. मी यापूर्वी या लोकांना ओळखत नव्हते. मी बाहेरून आवाज दिला व विचारून आत गेले. बोबडे म्हणतात तशी घुसले नाही.

मी त्यांना सासूबाईंचे सांगितले. शुभम म्हणाले, "तुमी दुसऱ्या दुकानाच्या हा काय? कोनं पाठवलं तुमाले?" लीलाबाई म्हणाल्या, "बाई, लेकराच्या घरात सकाळी सकाळी असं बोलू नोको व." मी फोटो दाखवला. लीलाबाईंनी तो पाहिला नाही. प्रणालीने हात पुढे करून मोबाइल घेतला, फोटो पाहिला व बाळाला उचलून भिंतीच्या बाजूला घेतले. मग शुभमने विहिरीच्या मोटरीसाठी ठेवलेला टेस्टर आणला.

तेवढ्यात बोबडे मोटारसायकलने आले. शुभमने चप्पल घालून, कूलर चालू करून पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. त्याने चारही बाजूंना लावून पाहिला. बोबडे हसले व म्हणाले, "पाहा. आता या बाईले काय म्हनाव? डोक्यावर परिनाम झाला हिच्या." शुभमने मला बाहेर जायला सांगितले. त्या वेळी मलाही वाटले की खरेच दुरुस्त केला असेल, आणि आपण एका बाळंतिणीच्या घरात येऊन उगाच भीती घातली. मी दारापर्यंत आले होते.

मग मला आमच्या घरचा पहिला दिवस आठवला. मी परत फिरले व म्हटले, "पानी टाका. पानी टाकून पंप लावा, मंग पाहा."

बोबडे म्हणाले, "काही गरज नाही." ते असे म्हणाले म्हणून शुभमने आईला पाणी आणायला सांगितले. कूलर बंद करून लीलाबाईंनी टाकीत पाणी टाकले. त्या बाजूला झाल्यावर शुभमने पंप चालू केला व टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. जाळीला लावला, तिथेही लागला. शुभमने पिन काढली. लीलाबाईंच्या हातात रिकामी बादली होती. त्या बादली घेऊनच खाली बसल्या.

बोबडे म्हणाले, "पंप खराब निंगाला. आता बदलून देतो, धा मिनटाचं काम हाय. मालात असं होते कधी कधी."

मी म्हटले, "माह्या सासूचा हात चिपकला तवाच का नाही बदलला?"

ते म्हणाले, "बदलला न बाई! हा नवाच हाय."

तेव्हा सहदेव हे दारात उभे होते. ते म्हणाले, "मालक, त्याच खोक्यातले पंप त्या बाकीच्या कूलरले बी लावले न? परवा मी पोचवले ते?" बोबडे त्यांना म्हणाले, "तू चूप बस. भाडं पायजे का नाही तुले?" सहदेव म्हणाले, "माह्याबी घरी लेकरं हायेत मालक."

हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की आमच्या घरी आलेल्या दुसऱ्या कूलरलाही त्याच खोक्यातला पंप असू शकतो. मी शेजारच्या शालू यांना फोन करून घरी जायला व कूलरची पिन काढलेली आहे का ते पाहायला सांगितले. त्यांनी पाहून सांगितले की लुगडे तसेच आहे व पिन बाहेर आहे. मग मी पलंगाच्या कडेला बसले. प्रणालीने मला पाणी दिले.

तेवढ्या वेळात बोबडे यांनी कूलर परत गाडीत घालायला सुरुवात केली. मी अडवले. ते म्हणाले, "माल माहा हाय." हा कूलर पुन्हा रंग देऊन तिसऱ्या घरी जाईल असे मला वाटले. मी लीलाबाईंना पावशी मागितली. भाजी चिरायची पावशी त्यांनी स्वतः उठून मला आणून दिली. पिन काढलेली आहे याची खात्री करून मी वायर कापली व टाकीतून पंप बाहेर काढला. बोबडे यांनी माझा हात पिरगाळला. माझ्या हातातल्या बांगड्या फुटल्या व मनगटाला मार लागला. शुभमने त्यांना मागे ओढले. पंप मी पिशवीत घालून सरळ येथे आणला व ठाणे अंमलदारांच्या टेबलावर ठेवला. मी येण्याआधीच बोबडे यांचा फोन ठाण्यात आला होता.

वायर कापली हे खरे आहे. पंप काढून घेतला हे खरे आहे. चोरायला घेतला नाही, दाखवायला घेतला.

मला विचारण्यात आले की, ज्या घरात हा प्रकार झाला ते घर माझे नाही, कूलर आता माझा नाही, मला बदलूनही मिळाला होता, मग माझी तक्रार नेमकी कशाबद्दल आहे. यावर माझे म्हणणे असे की, मला बदलून मिळाला तेव्हा मी गप्प बसावे म्हणून मिळाला, आणि माझ्या घरातून काढलेली वस्तू उचलून प्रणालीच्या बाळाजवळ ठेवली. माझी तक्रार त्याबद्दल आहे. ग्राहक आयोगातही मी अर्ज करणार आहे. बिल नाही, पण सहदेव व वायरमन सांगायला तयार आहेत. लीलाबाई व शुभम हे बाहेर बाकावर बसलेले आहेत, त्यांचाही जबाब घ्यावा.

मला आपसात मिटवायचे नाही.

सहदेव यांनी ठाण्यात येऊन सांगितले की, त्या खोक्यातले पंप लावलेले आणखी दोन कूलर त्यांनी पोचवले. एक खानावळीत व एक नवीन ले-आउटच्या वस्तीतल्या एका घरी. खानावळीला येथूनच फोन लावला. त्यांचा पोऱ्या पाणी टाकताना झिणझिण्या येतात म्हणून प्लास्टिकच्या मगाने टाकत होता. त्यांनी कूलर बंद केला आहे. दुसऱ्या घराचे नाव किंवा नंबर बोबडे यांच्याकडे नाही, कारण तिथेही बिल दिलेले नाही. बोबडे बाहेर बसले आहेत. मी त्यांना विचारले, "आठवा भाऊ." ते म्हणाले, "सिझनमध्ये कोन कोन येते, काय आठवते?" सहदेव यांना एवढेच आठवते की घरात म्हातारा-म्हातारी दोघेच होते व म्हाताऱ्याने त्यांना मठ्ठा पाजला होता. ले-आउटमधल्या सगळ्या गल्ल्या सारख्याच आहेत. सहदेव यांना सोबत घेऊन एक शिपाई मोटारसायकलने शोधायला गेले आहेत. माझा जबाब सुरू झाला तेव्हा ते गेले. अजून आलेले नाहीत. आता दुपार आहे. या वेळेपर्यंत टाकीतले पाणी संपते.

हा जबाब टंकलिखित झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी "तरी संबंधितांवर योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती" असे टाइप केलेले होते. तसे मी म्हटलेले नव्हते. ती ओळ माझ्यासमोर खोडून मी म्हटले होते ते लिहिले, ते असे की, कार्यवाही नंतर करा, आधी ते घर शोधा. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. उजव्या मनगटाला सूज असल्याने सही डाव्या हाताने केली आहे, ती माझीच आहे.

(दीपमाला स्वप्निल तायडे)